आंब्याला जामीन

रत्नागिरीत माणसाला राजकारण कळलं नाही तरी चालतं, क्रिकेट कळलं नाही तरी निभावतं. पण आंब्यातलं मला काही कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. लोक आधी दया करतात आणि मग समजावून सांगायला बसतात. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्या वाट्याला ही दया जरा जास्तच येते. शिवाय माझ्या परसात हापूसचं एक भलंमोठं झाड आहे आणि ते आंबे देत नाही.

बाकी सगळं देतं. सावली देतं, पाचोळा देतं, कावळ्यांना जागा देतं. मोहोराचं नाव काढलं की मात्र ते एकदम बहिरं होतं.

यंदा दिवाळीचा फराळ संपत आला तेव्हा माझ्या बायकोने, रेणुकेने, विषय काढला. ती ब्लाउज शिवते आणि छान शिवते. पण तिची मशीन स्वयंपाकघरात असते. मापं द्यायला आलेल्या बायका फ्रिज आणि गॅसच्या मधे हात वर करून उभ्या राहतात. मागच्या महिन्यात एका बाईंच्या रेशमी ब्लाउजला बांगड्याच्या तिखल्याचा वास लागला आणि त्या बाई तो घालून एका लग्नात गेल्या, तर जेवायच्या पंगतीजवळच बसून राहिल्या म्हणे.

"मागे झाड आहे तिथे एक खोली होईल," रेणुका म्हणाली. "फळ ना फूल. कशाला ठेवायचं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, हीच त्यातली अडचण होती. चुकीचं असतं तर मी वाद घातला असता. शाळेतून आलो की मी चहाचा कप घेऊन त्या झाडाखाली बसतो. दिवसभरात माझं बोलणं मधेच न तोडता ऐकून घेणारं तेवढं एकच. ते जाणार म्हटल्यावर मी मुदत मागितली. शेवटी तह झाला: या हंगामात मोहोर आला तर झाड राहील, नाही आला तर जानेवारीत खोलीचं काम सुरू.

एकदा असा तह झाल्यावर मला झाडाबद्दल जे कुतूहल वाटू लागलं, ते इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. हे असं का करतं? आळस आहे, आजार आहे, की काही रागबीग आहे? पाऊस जाऊन महिना होत आला होता. गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं, फांद्यांवर बांडगुळं माजली होती. बागेची कामं करायचे हेच दिवस. मी कोयती काढली आणि लगेच सल्ले सुरू झाले.

आमच्या आणि शेजारच्या रशीदभाईंच्या घरांच्या मधे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत आहे. झाडाचं खोड आमच्याकडे, पण निम्म्या फांद्या गडगा ओलांडून त्यांच्या अंगणात गेलेल्या. रशीदभाई उमेदीची सगळी वर्षं कुवेतला काढून आता घरी असतात. उमेर हा त्यांचा मुलगा दोह्याला आहे. रशीदभाई फार बोलत नाहीत, पण बोलले की ते बदलत नाहीत.

"मास्तर, आधी गवत काढा," ते गडग्यापलीकडून म्हणाले. "बुडात गवत असलं का झाड सुस्तावतं."

मी गवत काढायला वाकलो, तेवढ्यात समोरच्या घरातल्या गोदूबाई रस्ता ओलांडून आल्या. "गवत काढू नका हो, मुळं उघडी पडतील. मासळीची डोकी पुरा बुडात. आमच्या माहेरी तसंच करत."

कोणाचंच मन मोडायचं नाही म्हणून मी अर्धं गवत काढलं आणि डोकी पुरली. डोकी रशीदभाईंच्या घरून आली. खुर्शीदभाभींनी पिशवी भरून बांगड्याची डोकी दिली, वर हसू लपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या परसात हजर होती. एक कुत्रा सगळ्यात मोठं डोकं घेऊन गेला आणि ते त्याने गोदूबाईंच्या तुळशीसमोर ठेवलं. सल्ला त्यांचाच होता हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, खोल पुरा असं मी म्हटलं होतं. तसं त्या म्हणाल्या नव्हत्या.

मग बांडगूळ. हे दुसऱ्याच्या फांदीवर बसून फुकट जेवणारं झाड असतं. त्याची उदाहरणं मी नववीच्या वर्गात देतो आणि मुलं एकमेकांकडे बघतात. शिडी लावून मी वर चढलो. बांडगुळाची आणि आंब्याची पानं लांबून वेगळी दिसतात, जवळून तितकी नाही. आमच्या बाजूची बरीच बांडगुळं मी तोडली आणि त्यांच्याबरोबर बऱ्याच चांगल्या फांद्याही. रशीदभाईंच्या बाजूला वळणार, तोच हात लाल मुंग्यांच्या घरट्यात गेला. मी कसा खाली आलो ते मला आठवत नाही. शिडी मात्र वापरली नव्हती.

"मास्तर," रशीदभाई शांतपणे म्हणाले, "चप्पल वर राहिली."

राहिली ती राहिलीच. दोन फांद्यांच्या बेचक्यात अशी अडकली की काठीने निघेना, दगडाने पडेना. संध्याकाळी गोदूबाईंनी वर पाहिलं आणि मान डोलावली. "चप्पल बांधलीत हे बरं केलंत. दृष्टच लागलेली असणार." आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून नवस, उतारे, दृष्ट यांतलं काही उरलेलं नाही. शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोनावरचं भाषण दर वर्षी मी करतो. आणि माझ्याच झाडावर चप्पल. येणारे-जाणारे वर बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. बोलले असते तर मी खुलासा तरी केला असता.

माझा एक वर्गमित्र दापोलीला कृषी विद्यापीठात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आता पाणी अजिबात घालू नको. जमीन सुकू दे, थंडी पडू दे, पालवी जून होऊ दे. आणि वाट बघ." सल्ला उत्तम होता. पण ज्याच्या घरात जानेवारीत गवंडी येणार आहे, त्याला वाट बघ म्हणण्यात काय अर्थ आहे?

हे सगळं माझी आई पायरीवर बसून बघत होती. कमलाबाई तिचं नाव; माहेर देवरूखच्या पलीकडे डोंगरातलं.

"आरं, त्याला भिववलंस का कदी?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"झाडाला. एकानं कोयती घिऊन तोडाय जायाचं, दुसऱ्यानं आडवं व्हायाचं. म्हनायचं, या खेपंला सोड, मी जामीन हाय. आमच्याकडं फनसाला भिववलं व्हतं, फुडल्या साली बुडापासून लागला."

मी तिला आजोबांची आठवण करून दिली. आपण असलं काही मानत नाही, म्हणालो.

"नवस कुटं बोलाय सांगतंय मी? दम द्याय सांगतंय. शाळंत पोरांना देतोस का न्हाय?"

रात्रभर तो विचार डोक्यात घोळला. तपासल्याशिवाय एखादी गोष्ट नाकारणं हेही विज्ञानात बसत नाही, असं मीच मुलांना सांगतो. प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे? झाला तर मोहोर, नाही तर निदान एक निष्कर्ष. शिवाय खरं सांगायचं तर मला फार उत्सुकता लागली होती.

प्रश्न जामिनाचा होता. रेणुका चालणार नव्हती, कारण मूळ तक्रारदार तीच. आई म्हणाली, घरचा माणूस नको, झाड वळखतं. राहिले रशीदभाई. मी गडग्याशी जाऊन जरा ओशाळत त्यांना विचारलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत.

"विचार करून सांगतो," म्हणाले.

"अहो, नुसतं म्हणायचंय."

"जबान नुसती म्हणायला नसते, मास्तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला. त्याआधी ते झाडाभोवती एक फेरी मारून गेले होते, असं खुर्शीदभाभींनी नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी, वाडी अजून झोपेत आहे असं समजून, मी कोयती घेऊन झाडासमोर उभा राहिलो. "हे बघ," मी म्हणालो, "तुझ्या कामगिरीबद्दल आम्ही समाधानी नाही."

"आसं काय पालकसभेत बोलल्यागत!" पायरीवरून आई म्हणाली. "वरड की."

मग मी ओरडलो. सुरुवात कठीण गेली, पण पुढे जमत गेलं. फार जमलं. इतक्या वर्षांचं शेणखत काढलं, सावलीत बसून सांगितलेली सुखदुःखं काढली, अडकलेली चप्पल काढली, म्हणजे बोलण्यात. शेवटी मी म्हणालो, "मुळासकट तोडून टाकीन! परवानगी गेली खड्ड्यात, कोणाच्या बापाला विचारणार नाही!" आणि कोयती खोडावर हाणली. ती खरंच रुतली.

रशीदभाई गडगा ओलांडून आले. पांढराशुभ्र सदरा, इस्त्री केलेला. त्यांनी खोडावर हात ठेवला. "सोडा, मास्तर. या खेपेला सोडा. मी जामीन आहे याला." इतकंच बोलले, पण ते असं बोलले की माझ्या अंगावर काटा आला. आईने समाधानाने मान हलवली. त्यानंतर कोयती बाहेर काढायला आम्हा दोघांनाही जोर लावावा लागला आणि त्या गंभीर प्रसंगाची थोडी शोभा गेली.

वाडी झोपेत नव्हती. निदान गोदूबाई नव्हत्या. दुपारपर्यंत वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझा व्हिडिओ आला. त्यात मी होतो, कोयती होती, वर चप्पलही स्पष्ट दिसत होती. रशीदभाई येण्याच्या आधीच तो संपत होता. गोदूबाईंच्या फोनमधली जागा तेव्हाच भरली, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. "सर, या आठवड्यात तुमचं वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण आहे." एवढं बोलून त्यांनी फोन पालथा ठेवला. "ते आहे ना अजून?" मी आहे म्हणालो. भाषणाला इतकी शांतता आजवर कधी मिळाली नव्हती. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, झाडाला ऐकू येतं का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तेच तपासतोय." कोणी हसलं नाही. माझी गेलेली अब्रू त्या उत्तराने थोडी परत आली, असं मला वाटतं.

आठवडा संपायच्या आत वृक्षांचं काम बघणाऱ्या कचेरीतून एक गृहस्थ आले. हातात फाइल, फाइलवर माझं नाव.

"विनापरवाना वृक्ष तोडण्याचा इरादा तुम्ही जाहीरपणे व्यक्त केलात."

"माझा तसा इरादा नाही."

"मग व्हिडिओत कोण आहे?"

"मीच. पण ते खरं बोलत नव्हतो."

"म्हणजे खोटं बोलत होतात. कोणाशी?"

"झाडाशी," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना माणूस फार एकटा पडतो.

त्यांनी खोडावरची कोयतीची खूण पाहिली, फोटो घेतला. तेवढ्यात रेणुका चहा घेऊन आली आणि सरळ स्वभावाने म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. जानेवारीत तोडायचंच आहे, त्याची परवानगी कशी काढतात?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे इरादा आहे."

"नाही," गडग्यावरून आवाज आला. "मी जामीन आहे याला."

"तुम्ही मालक?"

"नाही."

"भागीदार?"

"नाही. जामीन."

गृहस्थांनी फाइलीत शोधलं. तिथे मालक होता, अर्जदार होता, हरकतदार होता. त्यांनी थोडा विचार करून 'शेजारी' असं लिहिलं. रशीदभाईंना ते लागलं. "शेजारी कोणीही असतो," ते म्हणाले. "जामीन लिहा." गृहस्थांनी लिहिलं नाही. पण जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्याने खरंच मोहोर येतो का हो? आमच्याकडे एक चिकू आहे."

तिथून पुढे या प्रयोगाचं काहीतरी वेगळंच झालं. माझ्यासाठी तो प्रयोग होता. रशीदभाईंसाठी तो शब्द होता. पहाटे फजरची नमाज झाली की ते गडग्याशी येऊन एकेक फांदी बघायचे. त्यांच्या बाजूला पाचोळा पेटवणं त्यांनी बंद केलं. पाण्याचा थेंब पडू दिला नाही. उमेरचा व्हिडिओ कॉल आला की फोन झाडाकडे वळवायचे. "अब्बा, काय दाखवताय?" तो विचारायचा. "अजून काही नाही," हे म्हणायचे. खुर्शीदभाभी रेणुकेला म्हणाल्या, "जेवणात लक्ष नाय यांचं. ताट समोर नि नजर झाडावर."

आणि मी? मला त्या कोयतीच्या खुणेकडे बघवेना. तिच्यातून चीक येऊन वाळला होता. मी तिला शेणामातीचा लेप लावला. आणि संध्याकाळी कोणी नसताना, इतकं बोललो याचं वाईट वाटून, आमच्या बाजूने दोन-दोन बादल्या पाणी घालू लागलो. दापोलीचा सल्ला मी विसरलो नव्हतो. पण एवढा ओरडा खाल्लेल्याला तहानलेलंही ठेवायचं, हे माझ्याच्याने होईना.

डिसेंबरात एका सकाळी आमच्या बाजूच्या फांद्यांवर कोवळी, तांबूस पानं लुसलुसताना दिसली. आनंदाने मी रशीदभाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पालवी आली, मास्तर. पालवी आली म्हणजे मोहोर गेला." मग त्यांची नजर खाली ओल्या मातीवर गेली. "पाणी घातलंत?"

मी कबूल केलं.

"मी जबान देऊन बसलोय," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही पाणी घालताय."

ते आत गेले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. झाडाखाली बसलो तरी चहा गोड लागेना. रेणुकेने गवंड्याला फोन केला, आणि तो करताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, यावरून तिलाही बरं वाटत नव्हतं हे मला कळलं. पण ठरलेलं ते ठरलेलं. ती तरी किती दिवस फोडणीच्या धुरात शिवणार?

मग थंडी पडली. रत्नागिरीत पडते तेवढीच; लोक कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना थंडी पडल्याचं सांगतात तेवढी. डिसेंबर सरता सरता एका सकाळी पलीकडून हाका आल्या. "मास्तर! रेणुकाताई! कमलाकाकी! इकडून या, फाटकातून या!"

आम्ही धावत त्यांच्या अंगणात गेलो आणि वर पाहिलं. त्यांच्या बाजूची एकही डहाळी रिकामी नव्हती. मोहोराने फांद्या पिवळट झाल्या होत्या, मधमाश्या घोंघावत होत्या आणि तो वास अख्ख्या अंगणात भरला होता. मोहोर गडग्यापर्यंत आला होता आणि गडग्यावर, दोरी धरून आखल्यासारखा, थांबला होता. अलीकडे आमची बाजू. नुसती पानं. आणि चप्पल.

दापोलीचा मित्र फोनवर म्हणाला, त्यात नवल काय? तुझी बाजू तू छाटलीस, पाणी घातलंस, तिला पालवी फुटली. त्या बाजूला कोणी हात लावला नाही, ती सुकी राहिली, थंडी मिळाली, मोहोरली. हे पूर्णपणे पटण्यासारखं होतं. गोदूबाईंचं म्हणणं वेगळं. "ज्यानं दम दिला त्याला पाला, ज्यानं शब्द दिला त्याला मोहोर." वाडीने हेच स्वीकारलं. मलाही मान्य करावं लागेल की ते लक्षात ठेवायला सोपं आहे.

पण खरा निकाल अजून लागायचा होता. रेणुका मोहोराखाली कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. रशीदभाई तिच्याकडे बघत होते आणि मी दोघांकडे.

"मोहोर आला तर ठेवायचं, असं ठरलं होतं," ती शेवटी म्हणाली. "कुठल्या बाजूला, ते कुठे ठरलं होतं?"

रशीदभाई पायरीवर मटकन बसले. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. "माझी जबान राहिली," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा, "चहा घेणार ना, मास्तर?" मला इतकं बरं वाटलं की मी दोन कप घेतले.

खोली मात्र झालीच. मागच्या पडवीला भिंत घालून. तिथे माझं टेबल होतं, माझी पुस्तकं होती, आणि निवांतपणे पेपर वाचायची जागा म्हणजे तीच. हे आधी का नाही सुचलं, असं तुम्ही विचाराल. रेणुकेला सुचलं होतं. ते ती बोलायची तेव्हा मी नेमका पेपर वाचत असे. आता माझी खुर्ची कायमची झाडाखाली आली आहे, आणि मशीनचा आवाज पडवीच्या खिडकीतून दिवसभर येतो.

परवा सुट्टी होती. रशीदभाईंच्या बाजूला कण्या, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक फळं, धरल्या होत्या आणि ते पाहुण्यांना त्या दाखवत होते. माझ्या डोक्यावर पानं. बसल्या बसल्या मला वाटलं, समजा झाडाला ऐकू येतच असेल, तर त्याने माझ्याकडून शेवटचं काय ऐकलं आहे? मी उठलो. गोदूबाईंची खिडकी बंद असल्याची खात्री केली. खोडावरच्या खुणेवर हात ठेवून हळूच म्हणालो, "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं. मला ते मनातून म्हणायचं नव्हतं."

मशीनचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात उशिरा आलं.

"माझ्या वतीनेही सांगा," खिडकीतून रेणुका म्हणाली. "तोडायचं मीच म्हटलं होतं."

मी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.